चवदार तळं आणि अठरा मीटरचा रस्ता

(वस्तीच्या समाजमंदिरात झालेल्या युवक अभ्यासवर्गातलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)

मित्रांनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या आयाबायांनो, तुम्ही आधी पुढं येऊन बसा. जयभीम.

मला पोरांनी विषय दिला होता 'आजची दलित कविता'. मी म्हटलं, कवितेवर पुढल्या खेपेला बोलू, आज मी एफएसआयवर बोलतो. हे ऐकल्याबरोबर दोघं उठून चहाला गेले. जाऊ द्या. ते चहा पिऊन येईपर्यंत त्यांच्या घराचा निकाल काय लागला ते मी सांगेन त्यांना.

बावीस दिवसांपूर्वी पेपरात एक नोटीस आली. आतल्या पानावर. नाव बदलल्याच्या आणि कागदपत्रं हरवल्याच्या जाहिरातींच्या मधे, तळहाताएवढी. आपल्या वस्तीच्या पूर्वेकडून जो रस्ता विकास आराखड्यात नऊ मीटरचा दाखवलाय, तो अठरा मीटर करायचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, फेरबदल. कुणाची हरकत असेल तर एका महिन्याच्या आत कळवावी. महिन्यातले बावीस दिवस गेले, आठ उरले. वस्तीत किती जणांनी वाचली ही नोटीस? हात वर करा. बघा. एकही नाही. मीसुद्धा वाचली नव्हती. मला ती भेळेच्या पुडीत मिळाली. हसू नका, खरं सांगतोय.

आता म्हणाल, रस्ता रुंद होतोय, चांगलंच आहे की. अग्निशमनची गाडी आत येईल. बरोबर. पण मुंबईच्या नियमावलीत रस्ता हा नुसता चालायला नसतो. रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त, हा तिचा मंत्र आहे. २०१८ पासून जी नियमावली लागू आहे, 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४', तिचं नाव नीट ऐका. प्रोत्साहन! कुणाला प्रोत्साहन, ते नाव ठेवणाऱ्याला ठाऊक. तिच्यात नऊ मीटरच्या रस्त्यावर वेगळा एफएसआय आहे, अठराच्या वर वेगळा, सत्तावीसच्या वर वेगळा. एफएसआय म्हणजे हजार फुटांच्या जमिनीवर किती हजार फुटांचं बांधकाम करायला परवानगी, एवढंच. त्यात कसलं गूढ नाही. गूढ केलंय ते आपण आत शिरू नये म्हणून, जसं एके काळी संस्कृत केलं होतं.

आता तो रस्ता रुंद करताना कोणती बाजू खाणार? पलीकडे कंपनीची भिंत आहे, भिंतीमागं गुडघाभर गवत. अलीकडे आपली शेवटची ओळ, पस्तीस-चाळीस झोपड्या. नकाशात रेघ कुठून गेली असेल, सांगायची गरज आहे का?

मी वॉर्ड ऑफिसात गेलो. म्हटलं, साहेब, नकाशा दाखवा. साहेबानं कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. आपली वस्ती हिरवी. झाडं लावलीत म्हणून नाही, आपल्या जागेवर 'खेळाचं मैदान' असं आरक्षण आहे म्हणून. आपल्या पोराला नोकरीत आरक्षण मिळालं की ज्यांच्या पोटात दुखतं, तेच लोक आपल्या झोपडीवरच्या या आरक्षणाची मात्र जिवापाड राखण करतात. मी विचारलं, साहेब, माझा आजा बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून इथं आला. हे मैदान कधी आलं? साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, तुमची वस्ती जमिनीवर आहे हो, कागदावर मैदान आहे. आणि आमचा सगळा कारभार कागदावर.

या एका वाक्यावर माझं आजचं भाषण आहे.

*

आपल्याबद्दल दोन पुस्तकं आहेत. एक राज्याचा कायदा: महाराष्ट्र झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास अधिनियम, १९७१. दुसरं शहराचं पुस्तक: विकास आराखडा आणि त्याची नियमावली. राज्याचा कायदा म्हणतो, हा माणूस अमुक तारखेच्या आधीपासून इथं राहतो, त्याला संरक्षण आहे, त्याला पर्यायी जागा दिल्याशिवाय काढता येणार नाही. शहराचं पुस्तक म्हणतं, ही जागा मैदानाची, ही रस्त्याची, ही कारखान्याची, इथं घर बसतच नाही. पहिलं पुस्तक माणसाकडे बघतं, दुसरं जमिनीकडे. माणूस पात्र आणि त्याच्या पायाखालची जमीन अपात्र! मग राज्याच्या कायद्याप्रमाणं शहराची नियमावली बदलावी लागते. ती बदलली नाही तर कायदा फोटोफ्रेममध्ये राहतो. आणि बदलली तर कुणाच्या सोयीनं बदलली, त्यावर सगळं ठरतं.

हे तुम्हाला नवीन वाटत असेल तर तुम्ही महाड विसरलात.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो पास झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सरकार चालवतं ती पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. हा झाला वरचा ठराव, राज्याचा. मग महाडच्या म्युनिसिपालिटीनं १९२४ च्या जानेवारीत आपला ठराव केला की चवदार तळं खुलं. म्हणजे शहराचा नियमही राज्याप्रमाणं दुरुस्त झाला. कागद पूर्ण. फाईल बंद. आणि तळ्यावर? तळ्यावर एकाही अस्पृश्याला ओंजळभर पाणी मिळालं नाही. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला की जी म्युनिसिपालिटी हे पाळणार नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा. तरी पाणी हललं नाही. ते हललं २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो लोक घेऊन तळ्यावर चालत गेले तेव्हा. आणि मग काय झालं? त्याच वर्षी ४ ऑगस्टला, बोल्यांचा ठराव पास झाला त्याच तारखेला, म्युनिसिपालिटीनं आपला ठराव मागं घेतला! मग कोर्ट. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. १९२३ ते १९३७. एका ओंजळीसाठी चौदा वर्षं.

म्हणून माझं म्हणणं असं की ठराव एक, नियम दोन, पाय तीन. तिन्ही लागतात. नुसत्या ठरावानं पाणी मिळत नाही, हे आपल्याला पाठ आहे. पण नुसत्या पायांनीही मिळत नाही, हे आपण विसरलोय. बाबासाहेब तळ्यावर गेले ते ठराव खिशात घेऊन गेले, आणि नंतर दहा वर्षं कोर्टात त्या तळ्याचा सात-बारा तपासत बसले. आपण मोर्चा काढतो, घोषणा देतो, घसा बसवून घरी येतो. आणि आठ दिवसांची मुदत संपून जाते.

*

आता झोन. हा शब्द साहेबाच्या तोंडून आला म्हणून तो परदेशी वाटतो. आपल्याला तो नवा नाही. गावकूस म्हणजे काय होतं? पहिला झोनच होता तो. वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला आपण, मेलेलं जनावर टाकायची जागा आपल्या दाराशी, मसणवट आपल्या शेजारी. गावाला नियमावली छापायची गरज पडली नाही, कारण ती प्रत्येकाच्या डोक्यात छापलेली होती. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. परदेशात शिकलेले, दरबारचे अधिकारी. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं आणि अख्ख्या बडोदा शहरात त्यांना डोकं टेकायला जागा मिळाली नाही. पदवीनं झोन बदलत नाही.

ते राहिले कुठं? परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, वीस वर्षांहून जास्त. ही बीआयटी म्हणजे काय? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. तेव्हा सरकारनं १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यानं दाटीच्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि गरिबांसाठी थोड्या चाळी बांधल्या. पाडली जास्त, बांधली कमी. मुंबईच्या नगररचनेचा जन्म इथला. आजार गरिबाच्या खोलीत सापडला म्हणून खोलीच पाडायची. त्यानंतर १९२० च्या दशकात बीडीडीच्या २०७ चाळी आल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. १६० चौरस फुटांची खोली. त्याच वरळीच्या चाळींत १९७४ च्या जानेवारीत पँथरच्या पोरांनी मार खाल्ला, आणि १० तारखेच्या मोर्च्यात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. शंभर वर्षांनी त्या चाळींसाठी नियमावलीत खास कलम घातलं गेलं, ५०० चौरस फुटांची घरं मंजूर झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ही चांगली गोष्ट आहे, मी ती चांगलीच म्हणणार. पण ध्यानात घ्या. सरकारच्या मनात आलं की नियमावली वाकते. ती लोखंडाची नाही, रबराची आहे. फक्त ताणणाऱ्याच्या बोटात जोर पाहिजे.

आता आपल्या झोपडीचा इतिहास पटापट सांगतो. १९६७ साली मुंबईचा पहिला विकास आराखडा. रंग भरून झाले. १९७१ साली झोपडपट्टी कायदा. १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची गणती, फोटोपास. त्याच वर्षी, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी उठवली आणि माणसं चिता कॅम्पला नेऊन टाकली. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारनं फुटपाथवरच्या लोकांना बसमध्ये कोंबून शहराबाहेर काढायला सुरुवात केली. त्यावर सुप्रीम कोर्टात खटला झाला, ओल्गा टेलिस. निकाल १० जुलै १९८५ चा. कोर्ट म्हणालं, पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच आहे. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच निकालात पुढं लिहिलंय की नोटीस देऊन काढायला हरकत नाही. ते पान आपण वाचलं नाही. बुलडोझरवाल्यानं वाचलं.

मग आल्या तारखा. १९७६ ची गणती. मग १ जानेवारी १९९५. मग १ जानेवारी २०००, ती २०१४ साली कायद्यात घातली. मग २०११ पर्यंतच्यांना घर, पण विकत. २०२३ साली किंमत ठरली अडीच लाख रुपये. पोटमाळ्यावर राहणारा आजही मोजणीत नाही. खाली थोरला भाऊ पात्र, वर धाकटा अपात्र. एका आईच्या पोटातून आलेले दोघं, मधे सहा फुटांची शिडी. मनूला हे सुचलं नव्हतं.

*

आता नियमावलीचं कलम ३३(१०), म्हणजे एसआरए. १९९५ च्या डिसेंबरात हे प्राधिकरण झालं. युक्ती अशी की झोपडीवाल्याला फुकट घर, बांधणाऱ्याला त्या बदल्यात विकायला जादा बांधकाम. घर आधी १८० चौरस फुटांचं होतं, मग २२५, मग २६९, आता ३००. संमती आधी सत्तर टक्क्यांची लागायची, आता एक्कावन्न. घर मोठं होत गेलं तशी आपली हरकत लहान होत गेली.

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट मोकळ्या जागेची. साध्या इमारतीला उंचीप्रमाणं बाजूला जागा सोडावी लागते, उजेड-वारा यावा म्हणून. पुनर्वसनाच्या इमारतीला सूट आहे. ठराविक उंचीपर्यंत दोन इमारतींच्या मधे तीन मीटर सोडले तरी चालतं. आणि हेक्टरी निदान ६५० घरं बसवलीच पाहिजेत असा नियम. तीन मीटर म्हणजे किती? हे समाजमंदिर त्याहून रुंद आहे. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, इथं 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं पाहणी केली आणि २०१८ साली सांगितलं की ज्या घरांत ऊन आणि हवा पोचत नाही तिथं टीबी जास्त आहे, खालच्या मजल्यांवर तर फारच. प्लेगच्या वेळी खोलीत हवा नाही म्हणून खोल्या पाडल्या. सव्वाशे वर्षांनी नियम करून बिनहवेच्या खोल्या बांधल्या. आणि हे नियमाविरुद्ध झालेलं नाही, मित्रांनो. नियमाप्रमाणं झालंय. ज्या फुप्फुसात तीन मीटरची हवा जाते ते कुठल्या जातीचं आहे, हे नियमावलीत लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही. नकाशा बघा. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून, कत्तलखाना १९७१ पासून, आणि त्याच्या भोवती कोण?

२०२४ साली राज्य सरकारनं त्याच देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावी प्रकल्पातल्या घरांसाठी दिली. धारावीत जे अपात्र ठरतील त्यांना धारावीबाहेर जायचंय. कचऱ्यावर. त्याआधी तानसाच्या पाइपलाइनच्या कडेची घरं तोडून माणसं माहुलला नेली होती, रिफायनऱ्यांच्या शेजारी. २०१५ साली हरित न्यायाधिकरणानं तिथल्या हवेचा धोका मान्य केला, २०१९ साली हायकोर्टानं सांगितलं की लोकांना तिथं राहायची जबरदस्ती करता येणार नाही. म्हणजे घर दिलं हे खरं, पण कुठं दिलं? गावकुसाबाहेर.

आणि उलट बाजू बघा. २०१३ साली राज्यानं नियम आणला, २०१८ च्या नियमावलीत तो आहेच: चार हजार चौरस मीटरच्या वर भूखंड असेल तर वीस टक्के गरीब आणि अल्प उत्पन्न गटासाठी. छान. पण पुनर्विकासाच्या योजनांना तो लागू नाही, आणि मुंबईत मोठी बांधकामं बहुतेक पुनर्विकासाचीच. आणि जिथं लागू आहे तिथं ती घरं त्याच आवारात न देता दुसरीकडे द्यायची वाट ठेवली आहे. गरिबाला घर द्या, पण आमच्या लिफ्टमध्ये नको.

पुण्याच्या, नागपूरच्या, संभाजीनगरच्या पोरांनी हे मुंबईचं म्हणून सोडून देऊ नये. डिसेंबर २०२० पासून मुंबई सोडून बहुतेक राज्याला एकच एकत्रित नियमावली आहे. तिथंही हाच खेळ, पट तेवढा मोठा.

*

आता मैदानाकडे येतो, कारण यात आपल्यालाही प्रामाणिक राहिलं पाहिजे.

मैदान, बाग अशा आरक्षणांच्या जागेवर झोपड्या असतील तर तिथं एसआरए होऊ द्यावी का, यावर काही नागरिक संघटना वर्षानुवर्षं हायकोर्टात भांडत होत्या. नियमावलीत असं आहे की पाचशे चौरस मीटरहून मोठी जागा असेल तर ३५ टक्के मोकळी ठेवून बाकीवर पुनर्वसन करता येतं. जून २०२५ मध्ये हायकोर्टानं हा नियम कायम केला. म्हणजे आपण मैदानावर असलो तरी इथंच घर मिळू शकतं. आपल्या बाजूनं निकाल लागला.

पण ज्यांनी विरोध केला ते सगळे शत्रू आहेत, असं मी म्हणणार नाही. शहरात मोकळी जागा नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. माझा पुतण्या गटाराच्या झाकणावर क्रिकेट खेळतो. मैदान त्यालाही पाहिजे. माझा सवाल एवढाच की दर वेळी मैदान आपल्याच घरावर का सापडतं? क्लबच्या, जिमखान्याच्या कुंपणात का सापडत नाही? आणि जे ३५ टक्के मोकळे ठेवायचे, ते खरोखर पोरांना मिळतात की विक्रीच्या टॉवरचं पार्किंग होतात, यावर पाळत कोण ठेवणार? ती आपण ठेवायची. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की या झोपडपट्टी कायद्याचं काम कसं चाललंय त्याचा हायकोर्टानं आढावा घ्यावा. कोर्टालाही दिसतंय की यंत्र बिघडलंय. आपल्याला फक्त त्याचा धूर दिसतो.

*

आता घरातली गोष्ट. आपल्या वस्तीत संमतीच्या कागदावर एक्कावन्न टक्के कधीच झालेत. माझ्या आईनं सही केलीय.

मला उशिरा कळलं. मी भडकलो. म्हटलं, माय, मी जगाला सांगत फिरतो आणि तू मला न विचारता? ती भांडी घासत होती. तशीच म्हणाली, "चाळीस वर्सं पावसात पत्र्याखाली बादल्या लावते मी. तुझ्या कायद्याची गळती थांबंस्तोवर माझं आयुष्य सरंल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणून इमारत नको, असं मी इथं म्हणणार नाही. ते म्हणायचा अधिकार ज्याच्या घरात बादल्या नाहीत त्यालाही नाही, आणि माझ्यासारख्या, दुसऱ्यानं लावलेल्या बादल्यांखाली झोपणाऱ्यालाही नाही.

पण आईचं घर आतल्या ओळीत आहे. रस्त्याच्या रेघेच्या आत. रेघेत कोण आहे? शेवटची ओळ. मातंगांची घरं, दोन-चार पारध्यांची, उत्तरेकडून आलेले काही. बरेचसे २००० च्या नंतरचे. आणि आपल्या कमिटीतल्या एका जेष्ठ माणसानं मला बाजूला घेऊन काय सांगितलं ऐका. "अरे, ती ओळ गेली तर बरंच की. आपली इमारत चार मजले वाढेल, लवकर होईल. ते काय आपले?"

मित्रांनो, मला त्या रात्री झोप आली नाही. बिल्डरची चीड येणं सोपं आहे. मंत्र्याला शिव्या देणं तर फारच सोपं, आपली निम्मी कविता त्यावर चालते. पण गावकूस आपल्याच वस्तीत उभं राहिलंय, आणि या खेपेला आत आपण आहोत. कुसाबाहेरच्यांना काय वाटतं हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याच्या तोंडून हे वाक्य आलं! १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित कोण, हे सांगताना जातीच्या बाहेरचे भूमिहीन, कामगार, बायाही त्यात मोजल्या होत्या. ते वाक्य आपण भिंतीवर रंगवलंय. त्या भिंतीच्या पलीकडेच ही शेवटची ओळ राहते.

काही पोरं म्हणतील, हरकती-सूचना हा सुधारणावाद आहे, व्यवस्थाच उलथली पाहिजे. उलथा. मी तुमच्या सोबत आहे. पण व्यवस्था उलथायची तारीख तुम्ही जाहीर केलेली नाही, आणि या नोटिशीची तारीख जाहीर झालेली आहे. कुणी म्हणेल, हरकत घेऊन होतं काय? २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला. शहरभर लोक उठले, हरकतींचे गठ्ठे पडले, आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा मागं घेऊन पुन्हा करावा लागला. म्हणजे हरकतीनं होतं. ज्यांना लिहिता येतं त्यांच्या हरकतीनं होतं. आता आपल्यालाही लिहिता येतं.

आणि कुणी म्हणेल, नगरसेवकाला सांगू. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर कितीतरी काळ सभागृहात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. प्रशासकाची सही म्हणजेच सभागृह. त्या काळातही फेरबदल थांबले नाहीत. तेव्हा दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची सवय सोडा.

*

आता काम सांगतो.

एक. हरकत प्रत्येक घराची वेगळी. एकाच कागदावर दोनशे सह्या केल्या तर ती एक हरकत धरली जाण्याचा धोका. घरटी कागद, दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का. पोच नाही तर हरकत नाही.

दोन. लिहायचं काय? रस्त्याला आमचा विरोध नाही. रस्ता मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारखा रुंद करा, किंवा पलीकडे कंपनीच्या मोकळ्या बाजूनं घ्या. शेवटच्या ओळीतल्या प्रत्येकाला, तारीख कुठलीही असो, याच योजनेत, याच जागेवर घर द्या. माहुल नको, देवनार नको.

तीन. ज्यांनी संमती दिलीय त्यांनीही हरकत घ्यायची. घराला हो म्हणणं म्हणजे रेघेला हो म्हणणं नव्हे. माझी आई पहिली हरकत देणार आहे. काल रात्री तिनं कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि एक ओळ घालायला लावली. ती म्हणाली, लिही, मला खिडकीतून आभाळ दिसलं पाहिजे. मी लिहिलं, "पुनर्वसन इमारतीस विक्रीच्या इमारतीइतकीच मोकळी जागा सोडावी." अर्थ तोच. तिची भाषा चांगली आहे.

चार. सुनावणीला बोलावतील तेव्हा पाच जण पाठवू नका. सगळे जाऊ. महाडला ठरावाची प्रत एकानं नेली असती तर तिची घडी घालून कुणीतरी खिशात ठेवली असती.

उद्या सकाळी साडेदहाला वॉर्ड ऑफिसच्या दारात. पण त्याआधी, आत्ता हे संपल्यावर, दहा जण माझ्याबरोबर शेवटच्या ओळीत चला. तिथल्या बऱ्याच घरांत लिहिणारं कुणी नाही. दाराशी उभं राहून हाक मारायची नाही. आत जाऊन बसायचं, पाणी मागून प्यायचं, मग कागद काढायचा.

ते चहाला गेलेले दोघं आले काय? या, बसू नका. पेन घ्या.

जयभीम.